नवे सहा, जुने सहा

भोयरांच्या घरात दिवस दोन प्रकारचे असायचे, सुलट आणि उलट. सुलट दिवसांत प्रणिता चारचौघींसारखी सकाळी उठायची, रेवाच्या दोन वेण्या घालायची, डबा भरायची आणि दिवेलागणीनंतर तिला कुशीत घेऊन गोष्ट सांगायची. उलट दिवसांत रेवा शाळेतून यायची तेव्हा आई ढाराढूर झोपलेली असायची, आणि सगळं घर निजलं की एकटीच उठून कामाला बसायची. नऊ वर्षांच्या रेवाला यात काही वावगं वाटत नसे. कुणी आलं की ती दारातूनच बजावायची, "हळू बोला, सध्या माझी आई उलट आहे." नवखा माणूस चप्पल न काढताच परत फिरायचा.

प्रणिता दोन वर्षांची असताना तिच्या डोळ्यांत गाठी झाल्या आणि जीव वाचवण्यासाठी दोन्ही डोळे काढावे लागले. आंधळेपणाशी तिचं केव्हाच जमलं होतं. घरी बसून ती ध्वनिपुस्तकं तपासायची, तिच्या हातचा झुणका गल्लीत नावाजलेला होता, आणि भाजीवाल्याने शिळी मेथी दिली तर जुडी हातात घेताच ती त्याचा उद्धार करायची. जमत नव्हतं ते फक्त दिवसाशी.

याचं कारण तिला विसाव्या वर्षी एका डॉक्टरांनी समजावलं होतं. प्रत्येकाच्या मेंदूत, डोळ्यांच्या मागे, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असं एक घड्याळ असतं. झोप, भूक, अंगाचं तापमान, सगळं तेच ठरवतं. पण हे घड्याळ नेमकं चोवीस तासांचं नसतं, बहुतेकांचं थोडं मागे पडतं. रोज सकाळचा उजेड डोळ्यांत शिरतो, तिथल्या काही खास पेशी मेंदूला वर्दी देतात आणि घड्याळ पुन्हा जुळतं. या पेशींचा बघण्याशी संबंध नसतो. पुष्कळ अंधांमध्ये त्या शाबूत असतात, म्हणून त्यांचा दिवस नीट चालतो. प्रणिताचे तर डोळेच गेलेले. तिचं घड्याळ चोवीस तास छत्तीस मिनिटांचं होतं आणि ते जुळवणारं कुणी नव्हतं. ते रोज छत्तीस मिनिटं मागे सरकत जायचं आणि चाळीस दिवसांनी पूर्ण चक्कर मारून जागेवर यायचं.

"पंचांगवाले अधिक महिना घालून चंद्र-सूर्याचं जुळवून घेतात," तिचा नवरा प्रशांत म्हणायचा. "तुझं कोण जुळवणार?" तो तालुक्याच्या बसवर चालक होता. दर चाळीस दिवसांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो सुलट दिवसांना टिकल्या चिकटवायचा. त्याला त्या दिसायच्या, तिला बोटांना लागायच्या. रेवाचा वाढदिवस टिकलीवाल्या दिवशी आला की प्रणिताला आभाळ ठेंगणं व्हायचं. गेली दोन वर्षं तो टिकलीविना गेला होता.

आसोलपेठ हे वर्धा नदीकाठचं गाव. ज्या उन्हाळ्यात तिथला पारा एकोणपन्नासवर गेला, त्याच्या पुढच्या वर्षी सरकारने ठरवलं की चैत्र-वैशाखात या भागापुरती घड्याळं तासभर पुढे करायची. म्हणजे सगळी कामं आपोआप तासभर आधी सुरू होतील, ऊन तापायच्या आत आटोपतील आणि संध्याकाळचा उजेड हाताशी राहील. परदेशांत असं शंभर वर्षं चालत आलं होतं. तिथेही तासभर झोप बुडते म्हणून लोक ओरडत, पण इथे त्यावर एक नवा तोडगा होता. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, लोक नुसतं पट्टी म्हणायचे.

पट्टी दंडावर चिकटवायची. केसाहून बारीक सुयांनी ती घामातली द्रव्यं तपासायची आणि अंगातल्या घड्याळात किती वाजलेत ते ओळखायची. मग संध्याकाळी ठरल्या वेळी झोपेच्या द्रव्याचा अगदी सूक्ष्म कण आत सोडायची, म्हणजे मेंदूला वाटावं की रात्र झाली. अंगाचं आणि भिंतीवरचं घड्याळ जुळलं की तिच्यावर हिरवा ठिपका, नाही जुळलं तर पिवळा. अंधांसाठी एक लांब थरथर किंवा दोन आखूड.

आसोलपेठेतल्या प्रत्येकाला सवय व्हावी म्हणून जानेवारीतच पट्ट्या वाटल्या. प्रणिताने ती लावली तेव्हा सुलट दिवस चालू होते. ती वाट बघत राहिली की आता सरकेल, आता सरकेल. दहा दिवस झाले, वीस झाले. कॅलेंडरवरच्या टिकल्या संपल्या, तरी सकाळी सहाला तिला लख्ख जाग येत होती आणि दंडावर एक लांब थरथर होत होती. एकविसाव्या दिवशी तिने रेवाची वेणी घालता घालता मध्येच हात थांबवला आणि ती रडायला लागली. रेवाला वाटलं, केसात कंगवा अडकला.

"काय झालं, आई?"

"काही नाही गं. आज मी उलट असायला हवी होते."

फेब्रुवारीत रेवाचा दहावा वाढदिवस झाला. केक आईने स्वतः कापून दिला, दिवसाढवळ्या, जागेपणी.

मग पंधरा मार्च उजाडला आणि घड्याळं पुढे गेली. पट्ट्यांनाही वरून तसा हुकूम आला. प्रणिताची पट्टी रोज थोडी थोडी सरकली आणि आठवड्यात तिची सकाळ तासभर आधी आली. तिला काही त्रास झाला नाही. गावाच्या मात्र नाकी नऊ आले. बोलण्यात एकच प्रश्न, "नवे सहा की जुने सहा?" देवघरातलं घड्याळ कुणीच पुढे केलं नाही, कारण देवाची आंघोळ सरकारी वेळेने कशी घालायची? त्यात दरवर्षीप्रमाणे मार्चमध्ये सकाळच्या शाळेचं पत्रक निघालं. विदर्भात उन्हाळा लागला की शाळा सकाळची होते, ही आजोबांच्या आधीपासूनची रीत. घड्याळ पुढे गेल्यावर ती यंदा नको, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शाळा नव्या सातची म्हणजे जुन्या सहाची झाली. पोरं अर्धवट अंधारात दप्तरं घेऊन निघायला लागली.

आणि पट्ट्या पिवळ्याच राहिल्या. पंधरवडा झाला तरी गल्लीत एकच हिरवी, प्रणिताची.

यात एक अडचण होती. सरकारने जाहीर केलं होतं की ज्या गल्लीच्या सगळ्या पट्ट्या हिरव्या, तिथे दुपारची वीज कापली जाणार नाही. सत्तेचाळीस अंशांत कूलर चालतो की बंद पडतो, याला आसोलपेठेत जिवाइतकं मोल होतं. पट्ट्या तपासायला आरोग्यसेविका दर रविवारी सकाळी दहाला यायची आणि तिचं यंत्र फक्त शेवटच्या तासाभराचा घाम वाचायचं.

ही गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली ती समोरच्या बेबीताई उरकुड्यांच्या. साठी ओलांडलेल्या, आवाज खणखणीत, सासू अंथरुणाला खिळलेली. एका रविवारी नवाच्या सुमारास त्या आल्या आणि त्यांनी प्रणिताचा दंड धरला.

"काय करून राहिली वं? थोडा वेळ माही पट्टी तुह्या हातावर लावून ठेव ना."

"काहून, ताई?"

"तुही हिरवी होते. पाहू माही होते का."

झाली. घाम प्रणिताचा, त्यामुळे पट्टी बिचारी हिरवी झाली. पुढच्या रविवारी बेबीताईंच्या घरच्या चारही आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी सगळी गल्ली आली. दोन्ही दंडांवर, मनगटांपर्यंत, बावीस पट्ट्या आणि तेविसावी तिची स्वतःची. चहा व्हायचा, पोहे व्हायचे, आणि दहाला पाच मिनिटं असताना जो तो आपापली पट्टी सोलून घरी पळायचा. प्रणिताला हसूही यायचं आणि बरंही वाटायचं. आजवर गल्लीने तिला रस्ता ओलांडून दिला होता, गॅस बंद आहे का बघून दिलं होतं. आता गल्लीला ती हवी होती. दुपारी सगळ्यांचे कूलर घरघरत असायचे आणि बेबीताईंच्या सासूबाई शांत झोपायच्या. गावाच्या चौकात फलक लागला, आदर्श गल्ली.

त्या बावीस पट्ट्यांमध्ये एक छोटी होती, लहान मुलांच्या मापाची. ती रेवाची.

एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी प्रणिता गोष्ट सांगत होती. राक्षसाच्या गुहेपाशी ती थांबली, कारण तिथे रेवा नेहमी "पुढे?" म्हणायची. काहीच आवाज आला नाही. तिने चाचपून पाहिलं. पोरगी हातात लाडू घेऊन बसल्या बसल्या झोपली होती. हे रोजचंच झालं होतं. सकाळी वर्गात बाकावर डोकं टेकायची, संध्याकाळी पेंगायची, आणि अंथरुणावर पडलं की टक्क जागी, कारण घर तापलेलं आणि अंगातलं घड्याळ जुन्या वेळेवर. बाईंनी वहीत लिहिलं होतं की रेवा पाढे विसरते.

प्रणिताने तिला हलवलं. "रेवा, बेटा, गोष्ट राहिली."

"उद्या सांग," रेवा पुटपुटली. मग आडवी होता होता म्हणाली, "आई, आता ना, मी उलट झालेय."

प्रणिताने तिच्या हातातला लाडू काढून घेतला. आपल्या लेकीच्या दंडावर जो पिवळा ठिपका खरं बोलत होता, तो दर रविवारी आपणच हिरवा करून देत होतो, हे तिला त्या क्षणी कळलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

पुढच्याच मंगळवारी दुपारी डॉ. ईशानी खोब्रागडे दारात आल्या. पट्टी बनवणाऱ्या मंडळींपैकी त्या एक. वय पस्तिशीचं, आवाज थकलेला. पाणी पिऊन झाल्यावर त्या मुद्द्यावर आल्या.

"शनिवारी आमचा अहवाल जाणार आहे, ताई. तुमच्या गल्लीवर वरचे सगळे खूश आहेत. या गल्लीत जमलं म्हणजे कुठेही जमेल, असं धरून ही वेळ कायमची, सगळ्या राज्यात लागू होईल. माझा मात्र जीव खालीवर होतोय."

"का हो?"

"तेवीस माणसांची घड्याळं मिनिटामिनिटाला सारखी आहेत. जुळ्या भावंडांचीही अशी नसतात."

बेबीताई दाराआड उभ्या होत्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज थांबला तो प्रणिताने ऐकला.

"समजा, ही योजना बंद झाली," प्रणिताने विचारलं, "तर या पट्टीचं काय होतं?"

"सगळ्या परत जमा होतात. का?"

प्रणिताने दंडावरून बोट फिरवलं. तीन महिने सोळा दिवस. रोज सकाळी सहाला जाग, रोज वेणी, रोज डबा. हे परत द्यायचं म्हणजे पुन्हा टिकल्या मोजायच्या, पुन्हा पोरीने दारात उभं राहून लोकांना गप्प करायचं. आणि न सांगावं तर राज्यभरच्या पोरांनी संध्याकाळी लाडू हातात घेऊन पेंगायचं.

"डॉक्टर, तेवीस माणसं नाहीत," ती म्हणाली. "एकच आहे. मी."

मग तिने रविवारची सगळी हकिगत सांगितली, पोह्यांसकट. डॉक्टर आधी खुर्चीतून उठल्याच.

"तेवीस पट्ट्या? एका अंगावर? अहो, संध्याकाळी लावल्या असत्या तर चार दिवस उठला नसतात!"

"सकाळी नुसत्या वाचतात, सोडत काही नाहीत. पत्रकात होतं, मी ऐकलं होतं."

"पत्रक ऐकणाऱ्या तुम्ही गावात एकट्याच असाल," डॉक्टर म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. मग त्यांचा सूर बदलला. "पण मग तुमची पट्टी हिरवी कशी? खरी हिरवी?"

"त्याचाच मी विचार करतेय. तुम्हीच सांगा, माझ्याकडे काय नाही जे बाकीच्यांकडे आहे?"

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "सूर्य."

आणि त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलत राहिल्या. पट्टी संध्याकाळी मेंदूला सांगते की रात्र झाली, आणि डोळे सांगतात की खोटं आहे, अजून ऊन आहे. रोजची ही ओढाताण, आणि त्यात सूर्य जिंकतो. प्रणिताच्या बाबतीत पट्टीशी भांडणारं कुणी नाही, म्हणून तिच्यावर ती बिनचूक चालते. शिवाय दूर उत्तरेच्या देशांत उन्हाळ्यातला दिवस हिवाळ्यातल्यापेक्षा आठ-नऊ तासांनी मोठा असतो, तिथे निदान उजेड वाचवायची भाषा शोभते. इथे फरक जेमतेम अडीच तासांचा.

"आम्हाला उजेड वाचवायचाच नाही, डॉक्टर," प्रणिता म्हणाली. "तो पोत्याने पडलाय इथे. उन्हापासून माणसं वाचवायचीत. त्यासाठी सकाळची शाळा होतीच की आमच्याकडे. शाळा हलायची, घड्याळ नाही. दुकानं, कचेऱ्या, बँका, तशीच करा ना सगळी सकाळची. उजाडलं की कामाला लागा, दुपारी दारं बंद. त्याला पट्टी कशाला लागते?"

डॉक्टरांनी हे लिहून घेतलं. जाताना त्यांनी प्रणिताचा हात धरला. "तुमची पट्टी परत मिळावी म्हणून मी भांडेन. वचन देत नाही."

त्या गेल्यावर बेबीताई आत आल्या. "गल्लीची लाइट घालवली तुवं," त्या म्हणाल्या आणि दार आपटून निघून गेल्या.

लाइट गेलीच. फलक उतरला, दुपारी कूलर बंद पडले. पट्ट्या जमा झाल्या. रविवारी पोहे खायला कुणी आलं नाही. प्रणिताची सकाळ पुन्हा छत्तीस छत्तीस मिनिटांनी घरंगळायला लागली. प्रशांतने ओले पडदे लावले, एक उरकुड्यांच्या खिडकीलाही नेऊन लावला, आणि टिकल्यांचं पाकीट काढलं. आठवड्याभराने बेबीताई कैरीचं पन्हं घेऊन आल्या. प्रणिता तेव्हा झोपलेली होती, म्हणून त्यांनी ते रेवाजवळ दिलं. "मायले सांग, सासूबाईची तब्येत ठीक आहे. आणि माही नात आता संध्याकाळी पेंगत नाही म्हणा."

कारण मेच्या मध्यावरच घड्याळं मागे आली होती. जूनमध्ये निर्णय निघाला की पुढच्या उन्हाळ्यापासून विदर्भातल्या कचेऱ्या, बाजार, बँका, सगळं सकाळच्या शाळेसारखं भरेल. घड्याळाला कुणी हात लावणार नाही. वर्तमानपत्रांनी याला मोठा शोध म्हटलं. गावातल्या म्हाताऱ्यांना त्यात शोध कुठला तेच कळेना.

उलट दिवस आले, गेले, पुन्हा आले. पण एक बदल झाला होता. टिकल्या आता रेवा लावायची, आणि तिने एक नवी जात काढली होती, अर्धी कापलेली टिकली. ज्या दिवशी आईची रात्र सुरू होताना रेवाची सकाळ असते, तो दिवस अर्ध्या टिकलीचा. त्या दिवशी पोरगी पहाटे उठायची आणि पेंगणाऱ्या आईला स्वतःच गोष्ट सांगायची. राक्षसाच्या गुहेपाशी प्रणिताला झोप लागायची.

दसऱ्याच्या आधी डॉ. खोब्रागडे आल्या, हातात छोटा डबा घेऊन. योजनेच्या पट्ट्यांपैकी काही हजार राखून ठेवल्या गेल्या होत्या, ज्यांना उजेड पोहोचत नाही अशांसाठी. पहिली आसोलपेठेची.

"हुकूम आता वरून येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमची सकाळ किती वाजता लावू ते तुम्ही सांगायचं."

प्रणिताला हे जन्मात कुणी विचारलं नव्हतं. तिने रेवाला हाक मारली. "मी रोज कधी उठू गं?"

रेवाने बराच विचार केला. "बाकीचे उठतात तेव्हा."

"म्हणजे किती वाजता?"

"किती वाजता नाही. उजाडलं की."

डॉक्टर हसल्या. मग हसता हसता थांबल्या. पट्टीला घड्याळच लागतं असं कुठे होतं? आसोलपेठेत रोज सूर्य कधी उगवतो याचं कोष्टक तिच्यात भरता येण्यासारखं होतं. हिवाळ्यात उशिरा, उन्हाळ्यात लवकर, रोज अर्ध्या-पाऊण मिनिटाने सरकत. त्यांनी तसं भरलं, आणि टिकल्यांवरून तिचे सुलट दिवस कधी येतात ते बघून पट्टी लावायची तारीख ठरवून दिली.

डिसेंबरात नदीवरून दाट धुकं चढलं. एका सकाळी प्रणिताला जाग आली. दंडावर एक लांब थरथर झाली. तिने शेजारी हात नेला.

"रेवा, ऊठ. उजाडलं."

रेवाने पांघरुणातून डोकं बाहेर काढलं. "कुठे? अंधारच तर आहे."

"मला तर काळोखच दिसतोय," प्रशांतही म्हणाला.

"धुकं असेल. खिडकी उघडा."

रेवा कुरकुरत उठली आणि तिने खिडकी ढकलली. गार हवा आत आली. पलीकडे बेबीताईंच्या खराट्याचा आवाज चालू होता. धुक्याच्या मागे, नदीच्या अंगाला, आभाळ फिकट तांबूस झालं होतं. रेवा ते बघत राहिली. मग तिने वळून आईकडे पाहिलं.

"तुला कसं कळलं?"

प्रणिता उशाशी कंगवा शोधत होती. "उजाडलं की जाग येते मला," ती म्हणाली. "तुझ्यासारखीच. ये इकडे, वेणी घालू."